फिगारो पुण्यात आणायची म्हणताय? ड्युटीचं नंतर बघू, आधी परवानगीचं बघा

प्रश्न थोडक्यात परत लिहितो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. इंग्लंडमध्ये लेस्टरला बारा वर्षं राहिलेलं एक जोडपं आता कायमचं पुण्याला परत येतंय, त्यांच्याकडे १९९१ची निसान फिगारो आहे, गाडी बायकोच्या नावावर, आणि ती त्यांना सोबत आणायची आहे. तिकडच्या शिपिंग एजंटने सांगितलंय की गाडी राइट हँड ड्राइव्ह आहे, तुम्ही ट्रान्सफर ऑफ रेसिडन्सवर, म्हणजे कायमचं बिऱ्हाड हलवणाऱ्यांच्या कस्टम्स सवलतीवर, येताय, ड्युटी भरली की विषय संपला. एका मित्राने सांगितलंय की सुटे पार्ट करून आण. दुसऱ्याने सांगितलंय कार्ने, म्हणजे गाडी तात्पुरती आणायचा कागद, काढ. तिसरा म्हणतोय यूकेशी एफटीए, म्हणजे मुक्त व्यापार करार, झालाय, आता दहाच टक्के लागतात. आणि त्यांचा प्रश्न एवढाच की एकूण ड्युटी किती धरायची.

मी मुंबईत कस्टम्स क्लिअरिंगचं काम करतो आणि गाड्यांची फाइल आली की लोक पहिला प्रश्न हाच विचारतात, किती लागेल. खरं तर हा तिसरा-चौथा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा की ही वस्तू देशात यायला परवानगी आहे का. ड्युटी हा कस्टम्सचा विषय, परवानगी हा डीजीएफटीचा, म्हणजे केंद्राच्या विदेश व्यापार खात्याचा, विषय, आणि रस्त्यावर चालवायची परवानगी हा परिवहन मंत्रालयाचा आणि आरटीओचा विषय. तीन वेगवेगळी दारं आहेत आणि एकाचा शिक्का दुसरीकडे चालत नाही. तुमची फिगारो पहिल्याच दारात अडते, त्यामुळे ड्युटीचा आकडा कितीही आला तरी काही उपयोग नाही.

का अडते ते सांगतो. आपल्या आयात धोरणात प्रकरण ८७ला, म्हणजे गाड्यांच्या प्रकरणाला, अटी जोडलेल्या आहेत. सेकंडहँड गाडी असेल तर ती उत्पादनाच्या तारखेपासून तीन वर्षांपेक्षा जुनी नको. इथे लोक पहिली गल्लत करतात, रजिस्ट्रेशनची तारीख धरतात. तारीख उत्पादनाची धरतात, आणि कस्टम्सचा माणूस तपासणीला आला की तो तुमचा कागद एका हातात धरून गाडीत डोकं घालतो, सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढतो आणि तळाशी शिवलेल्या पट्टीवर छापलेली तारीख वाचतो, काचांवरचे मार्किंग बघतो, चॅसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासून प्रिंट घेतो. कागदावर २०२३ आणि बेल्टवर २०२१ असेल तर पुढची सगळी बोलणी तिथून सुरू होतात. तर तीन वर्षं ही एक अट. शिवाय गाडी उजव्या हाताची पाहिजे, स्पीडोमीटर किलोमीटरमध्ये पाहिजे, हेडलाइटचा झोत डावीकडून चालणाऱ्या ट्रॅफिकला साजेसा पाहिजे, निदान पाच वर्षं रस्त्यावर चालेल याची हमी पाहिजे, निघण्याआधी तिकडच्या अधिकृत एजन्सीचं इन्स्पेक्शन सर्टिफिकेट पाहिजे, आणि इथे आल्यावर टेस्टिंग एजन्सीकडून पुन्हा चाचणी. तुमच्या सोयीचं एवढंच की त्या एजन्सीतली एआरएआय पुण्यातच टेकडीवर आहे आणि व्हीआरडीई नगरला. पण तिथपर्यंत गाडी पोचली तर ना.

तुमची गाडी १९९१ची. फिगारो सगळ्याच १९९१च्या आहेत, निसानने एकाच वर्षात वीस हजार काढल्या आणि जपानमध्ये लॉटरी लावून विकल्या. दिसायला १९५०च्या दशकातली, खाली मात्र निसानच्याच जुन्या मार्च या छोट्या गाडीचा सांगाडा, ९८७ सीसी टर्बो आणि तीन गिअरचा ऑटोमॅटिक. यूकेमध्ये तिचं इतकं कौतुक होतं कारण जपान आणि यूके दोन्हीकडे स्टिअरिंग उजवीकडे, म्हणून नंतर भरपूर गाड्या तिकडे गेल्या. गाडी गोड आहे यात वाद नाही. पण आपल्या कायद्याच्या डोळ्यांनी ती मधल्यामध्ये अडकलेली आहे, सेकंडहँड म्हणून आणायला खूप म्हातारी आणि व्हिंटेज म्हणून आणायला खूप तरुण. व्हिंटेजचं पुढे सांगतो.

अमेरिकेतले लोक जपानी गाड्या घरी आणतात त्याचे व्हिडिओ बघून बऱ्याच जणांचा समज होतो की पंचवीस वर्षं झाली की गाडी मोकळी. तो नियम अमेरिकेचा आहे, १९८८च्या कायद्यानंतर तिकडे पंचवीस वर्षांवरच्या गाडीला त्यांचे सेफ्टी स्टँडर्ड लागत नाहीत. आपल्याकडे असलं काही नाही. आपल्याकडे गणित उलटं चालतं, तीन वर्षांपर्यंत दार किलकिलं, तीन ते पन्नास बंद, पन्नासनंतर पुन्हा किलकिलं. मधल्या सत्तेचाळीस वर्षांतली गाडी आणायची असेल तर डीजीएफटीकडे खास लायसन्स मागायचं, आणि आवडते म्हणून हे कारण तिथे चालत नाही. कंपनीला संशोधनासाठी, तुलनात्मक चाचणीसाठी गाडी हवी असते अशा अर्जांचं वेगळं, पण त्या गाड्या रस्त्यावर फिरवायला नसतात.

आता ट्रान्सफर ऑफ रेसिडन्स, थोडक्यात टीआर. हा शब्द ऐकला की लोकांना वाटतं सगळं माफ. टीआरवर घरगुती सामानाला सवलत आहे, फ्रिज, टीव्ही, वॉशिंग मशीन वगैरे. गाडी त्या सामानात मोजली जात नाही. सोफा आणि कपाटाच्या कंटेनरात मागे गाडी उभी करून हाउसहोल्ड गुड्स लिहिलं तर तो चुकीचा डिक्लेरेशन, म्हणजे गाडी तर अडकतेच, सोफाही अडकतो. टीआरवाल्याला गाडीच्या बाबतीत मिळतं काय, तर कायमचा परत येणारा माणूस, सलग दोन वर्षं बाहेर राहिलेला, आणि गाडी किमान एक वर्ष त्याच्या ताब्यात असलेली, असं असेल तर तो लायसन्सशिवाय एक गाडी आणू शकतो, पूर्ण ड्युटी भरून. म्हणजे सवलत लायसन्सची आहे, पैशाची नाही, आणि वयाची अट माफ होते असंही त्यात कुठे नाही. वर आरसीवर ठराविक काळ विकायची नाही असा शेरा बसतो. गाडी बायकोच्या नावावर आहे असं तुम्ही लिहिलंय, तर ज्याच्या नावावर गाडी त्यानेच टीआरच्या अटी पुऱ्या करायला लागतात, मुक्काम एकाचा आणि मालकी दुसऱ्याची अशी सरमिसळ चालत नाही. तुमच्या बाबतीत दोघंही बारा वर्षं तिकडे त्यामुळे तो मुद्दा अडला नसता, वयच अडतंय.

तसंच लायसन्सशिवायच्या यादीत अजून काही जण आहेत, परदेशात वारलेल्या नातेवाइकाची गाडी वारसाला, दिव्यांग व्यक्तीसाठी खास बनवलेली गाडी, आंतरराष्ट्रीय स्पर्धेत बक्षीस मिळालेली गाडी. बक्षिसावरून आठवलं, सचिनची फेरारी. ३६० मोडेना, ब्रॅडमनच्या २९ शतकांची बरोबरी केली म्हणून फियाटने दिलेली भेट. सरकारने त्याला ड्युटी माफ केली, दिल्ली हायकोर्टात जनहित याचिका गेली, ड्युटीचा आकडा एक कोटीच्या वरचा होता, आणि शेवटी कंपनीने पैसे भरले. सांगायचा मुद्दा, भेट असो, बक्षीस असो, वारसा असो, आणायची परवानगी मिळणं वेगळं आणि कर माफ होणं वेगळं. सचिनला माफी टिकवता आली नाही तर तुमचा-आमचा काय पाड.

तरी आकडा विचारलाच आहे तर सांगतो, म्हणजे त्या एजंटने किती सांगितलंय त्याच्याशी ताडून बघा. वापरलेल्या गाडीवर २०२५च्या बजेटआधी बेसिक ड्युटी १२५ टक्के आणि त्यावर सरचार्ज मिळून १३७.५ व्हायची. बजेटमध्ये बेसिक ७०वर आणली, पेपरात मथळे आले गाड्या स्वस्त, आणि त्याच दिवशी ६७.५ टक्के कृषी सेस लावला, बेरीज परत १३७.५. त्यावर आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी. सप्टेंबर २०२५पासून छोट्या पेट्रोल गाडीला, म्हणजे १२०० सीसीच्या आत आणि चार मीटरच्या आत, १८ टक्के, आणि त्याहून मोठ्या पेट्रोल गाड्यांना ४० टक्के. फिगारो दोन्हीत बसते त्यामुळे १८. आता समजा कस्टम्सने गाडीची किंमत, जहाजभाडं आणि विमा धरून दहा लाख ठरवली. त्यावर ड्युटी पावणेचौदा लाख, झाले पावणेचोवीस, त्यावर १८ टक्के म्हणजे सव्वाचार लाखांच्या वर, एकूण अठ्ठावीस लाख. मग महाराष्ट्रात इम्पोर्टेड गाडीला २० टक्के रोड टॅक्स, तो आयातमूल्यात ड्युटी मिळवून निघालेल्या आकड्यावर, म्हणजे आणखी साडेपाच लाखांच्या आसपास. दहाची गाडी दारात तेहतीसच्या पुढे.

आणि ती दहा लाख किंमत तुमच्या बिलावरून ठरत नाही हे ध्यानात घ्या. मी मित्राकडून पाचशे पौंडांना घेतली असं बिल दाखवून चालत नाही. कस्टम्स गाडी नवी असतानाची किंमत काढतं आणि त्यातून घसारा वजा करतं, पहिल्या वर्षी दर तिमाहीला ४ टक्के, दुसऱ्या वर्षी ३, तिसऱ्या वर्षी अडीच, चौथ्यापासून २, आणि सगळं मिळून ७० टक्क्यांच्या वर घसारा देत नाहीत. म्हणजे गाडी भंगारात निघालेली असली तरी कागदावर ती नव्याच्या ३० टक्क्यांच्या खाली जात नाही. भाड्याचा कागद नसेल तर किमतीच्या २० टक्के भाडं आणि १.१२५ टक्के विमा ते आपणहून धरतात.

यूकेच्या एफटीएचं एका वाक्यात सांगतो. जुलै २०२५मध्ये सही झालेल्या करारात गाड्यांची ड्युटी कोट्याच्या आत टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांपर्यंत खाली यायची आहे हे खरं, पण ती यूकेत बनलेल्या मालाला, कोट्यात, मूळ देशाच्या दाखल्यासकट. तुमची गाडी जपानमध्ये बनलीय आणि लेस्टरमध्ये फक्त राहिलीय. गाडीला नागरिकत्व मिळत नाही.

आता पार्ट करून आण म्हणणाऱ्या मित्राकडे येऊ. हा सल्ला मला दर थोड्या दिवसांनी कोणीतरी आत्मविश्वासाने ऐकवतं. इंजिन एका कंटेनरात, बॉडी दुसऱ्यात, इथे जोडायची. कस्टम्सच्या वर्गीकरणाचे जे सर्वसाधारण नियम आहेत त्यातला नियम २(अ) नेमका यासाठीच आहे, सुटी करून किंवा अर्धवट आणलेली वस्तू पूर्ण वस्तूच धरायची जर तिचं मूळ स्वरूप तयार झालेलं असेल. बॉडी शेल आणि इंजिन एकाच चॅसिस नंबरचं निघालं की ते पार्ट राहत नाहीत, ती गाडीच. मग चुकीचं डिक्लेरेशन, कर चुकवण्याचा हेतू, आणि रकमेप्रमाणे पुढे अटकेपर्यंत मामला जाऊ शकतो. बरं समजा आणली आणि जोडली, तरी आरटीओत काय दाखवणार? बिल ऑफ एंट्री, म्हणजे कस्टम्सला भरलेला आयातीचा कागद, गाडीचं पाहिजे, इंजिनाचं आणि दरवाजांचं नाही. मग माणूस कुठल्यातरी जुन्या गाडीचं आरसी विकत घेतो आणि तिचा नंबर हिच्यावर चढवतो, आणि तिथून पुढे तो गाडीचा शौकीन राहत नाही, आरोपी होतो.

ह्याचं ताजं उदाहरण केरळचं. सप्टेंबर २०२५मध्ये कोचीच्या कस्टम्स प्रिव्हेंटिव्हने ऑपरेशन नुमखोर म्हणून छापे घातले, भूतानमार्गे गाड्या आणल्या, खोट्या कागदांवर दुसऱ्या राज्यांत नोंदवल्या आणि मग हौशी लोकांना विकल्या असा कस्टम्सचा दावा. नुमखोर म्हणजे भूतानच्या भाषेत गाडीच. त्यात नामवंत लोकांच्या गाड्यासुद्धा गेल्या आणि बऱ्याच जणांचं म्हणणं एकच, आम्ही तर आरसी बघून घेतली. पण गाडी ज्याच्या दारात सापडते तिथूनच उचलतात, मूळ आणणारा कुठे असतो कोण जाणे. म्हणून भारतात आधीच असलेली अशी दुर्मीळ गाडी घेणाऱ्यांना माझं सांगणं, आरसी हा शेवटचा कागद झाला, पहिला कागद मागा. कुठल्या पोर्टवर, कुठल्या नंबरची आणि तारखेची बिल ऑफ एंट्री, ड्युटी भरल्याचं चलन, आणि त्यावरचा चॅसिस नंबर तुम्ही स्वतः वाकून वाचलेल्या नंबराशी जुळतो का. विकणारा म्हणाला की जुनी गाडी आहे, कागद गहाळ झाले, तर चहा पिऊन परत या.

अजून एक लोककथा, दंड भरून सुटते. ही कथा अर्धी खरी आहे म्हणून जास्त धोक्याची. कस्टम्स कायद्याच्या कलम १११ड खाली धोरणाविरुद्ध आलेला माल जप्त होतो, ११२ खाली आणणाऱ्याला दंड, आणि १२५ खाली जप्तीऐवजी रिडेम्प्शन फाइन भरून माल सोडवायचा पर्याय अधिकारी देऊ शकतो. देऊ शकतो, द्यायलाच पाहिजे असं बंदी असलेल्या मालाबाबत नाही. पूर्वी काही जणांच्या गाड्या अशा सुटल्या, त्या गोष्टी अजून फिरतायत. पण त्या काळात गोदीत काय चालतं तेही बघा. नोटीस, उत्तर, सुनावणी, ऑर्डर, अपील, आणि इकडे गाडी उघड्या यार्डात. एका गिऱ्हाइकाची जर्मन कूपे अशी अडकलेली मी बघायला जायचो, चारही टायर बसलेले, वायपरखाली पंचनाम्याचा कागद उन्हाने पिवळा पडलेला, बॉनेटवर कबुतरांची कृपा, आणि दाराच्या रबरात चक्क रोप उगवलेलं. यार्डाचं भाडं रोजचं चालूच, कंटेनरवाल्याचं डिटेन्शन वेगळं. तीस दिवसांत माल सोडवला नाही तर कलम ४८ खाली नोटीस देऊन लिलावात काढायचा अधिकार आहे, आणि तुम्ही म्हणाल परत पाठवतो तर त्यालाही परवानगी लागते, परतीचं भाडं वर. शेवटी त्याने सोडवली, आणि मग आरटीओत महिनोन् महिने भिजत घोंगडं, कारण दंड भरून कस्टम्सची हरकत मिटली तरी मोटार वाहन कायद्याची मिटत नाही. फॉर्म २२, म्हणजे गाडी रस्त्यालायक असल्याचा कंपनीचा दाखला, कुठून आणणार, एमिशन कुठलं दाखवणार. १ एप्रिल २०२०पासून देशभर बीएस-६ आहे आणि तुमची गाडी बनली त्या वर्षी आपल्याकडे एमिशन नियमांची जेमतेम सुरुवात होत होती.

कोणी म्हणेल मग नवीनच अनोळखी गाडी आणू, इथे कोणाकडे नसलेली. त्यात वयाचा प्रश्न नाही पण नवी म्हणजे कुठल्याही देशात नोंदलेली नको, विकलेली नको, आणि तिला टाइप अप्रूव्हल, म्हणजे त्या मॉडेलला सरकारी मान्यता, पाहिजे. त्यासाठी कंपनीचे ड्रॉइंग, टेस्ट रिपोर्ट, सुट्या भागांचे दाखले लागतात, क्रॅश टेस्टला गाड्या फोडायला लागतात. २०१८मध्ये सरकारने वर्षाला अडीच हजार गाड्यांपर्यंत, युरोप-जपानचे स्टँडर्ड असतील तर, इथे पुन्हा होमोलोगेशन, म्हणजे तीच मान्यतेची चाचणी, नको अशी सूट दिली, पण ती कंपनीला किंवा तिच्या अधिकृत प्रतिनिधीला. कोथरूडच्या गृहस्थाला एक गाडी आणायला त्याचा काही उपयोग नाही. धोरणाच्या पोटात महागड्या मोठ्या इंजिनाच्या गाड्यांसाठी वेगळ्या तरतुदी आहेत, तुमचा तो विषय नाही.

डाव्या हाताच्या गाड्यांबद्दल जाता जाता, कारण हे पण नेहमी विचारतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२०मध्ये डाव्या स्टिअरिंगची गाडी रस्त्यावर चालवायला सरसकट बंदी नाहीये, इशारा देणारं सिग्नल यंत्र चालू पाहिजे एवढंच म्हटलंय. म्हणूनच संस्थानिकांच्या काळच्या डाव्या हाताच्या गाड्या रॅलीत दिसतात. अडवतं ते आयात धोरण. रस्त्यावर दिसते म्हणजे आणता येते असं नाही.

कार्ने. हा गाडीचा पासपोर्ट समजा. दुसऱ्या देशात नोंदलेली गाडी तात्पुरती आणायची, ड्युटी न भरता, तिकडच्या ऑटोमोबाइल संघटनेच्या हमीवर, आणि सहा महिन्यांत परत न्यायची. आपल्याकडून बाहेर ड्राइव्ह करत जाणाऱ्यांना मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन हे कागद देते. वयाची अट इथे आड येत नाही, १९३०ची गाडीसुद्धा कार्नेवर लंडनहून पुण्याला येऊन जाऊ शकते. बाहेरच्या नंबराच्या गाड्यांसाठी २०२२चे वेगळे नियम आहेत, मूळ आरसी, लायसन्स, विमा, पीयूसी गाडीत ठेवायचं, भाड्याने प्रवासी-माल न्यायचा नाही. पण कार्ने पाहुण्यासाठी आहे. तुम्ही कायमचे परत येताय, तुमचा पत्ता पुण्याचा होणार. सहा महिन्यांनी गाडी बाहेर गेली नाही की हमी वटवली जाते, पूर्ण ड्युटी अंगावर येते आणि गाडी जप्तीला पात्र होते. कार्नेवर गाड्या आणून इथेच ठेवायचे उद्योग आपल्याकडे भरपूर झालेत, त्यामुळे कार्नेची गाडी दिसली की अधिकारी आधीच भुवया उंचावून बसलेला असतो. हौस भागवायची तर वेगळी गोष्ट करता येईल, परत यायच्या आधी, अजून तिकडचे रहिवासी असताना, एक ट्रिप करा आणि गाडी परत न्या. ट्रान्सफरसाठी मात्र कार्ने वापरू नका.

मग व्हिंटेज. यात बरंच बदललंय आणि खूप जणांना अजून माहीत नाही. आधी १ जानेवारी १९५०च्या आधीची गाडीच व्हिंटेज म्हणून आणता यायची. २०२५मध्ये डीजीएफटीने ते बदलून पन्नास वर्षांची सरकती अट केली. म्हणजे आता सत्तरच्या दशकाच्या पूर्वार्धापर्यंतच्या गाड्या आल्या आणि दरवर्षी एकेक वर्ष पुढे सरकणार. तुमची फिगारो २०४१मध्ये बसेल, तोवर धोरण हेच राहिलं तर. नोंदणीचे नियम २०२१पासून आहेत, नवीन नोंदणीला वीस हजार रुपये, दहा वर्षं वैध, पुन्हा करायला पाच हजार, नंबर प्लेटवर राज्याच्या अक्षरांनंतर व्हीए. अट अशी की चॅसिस, बॉडी शेल, इंजिन यांत मोठा फेरफार नको, त्यामुळे जुनी गाडी घेऊन इलेक्ट्रिक करायची कल्पना असेल तर इथेच सोडा. आणि ही गाडी रोज वापरता येत नाही, रॅली, प्रदर्शन, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती, एवढ्यासाठीच रस्त्यावर. रविवारी सकाळी एफसी रोडला डोसा खायला घेऊन गेलात तर ते कशात बसवायचं ते तुमचं तुम्ही बघा.

तुमची हौस निसान या नावाची नसून इकडे कुणाकडे नसलेली छोटी गोड गाडी अशी असेल, तर माझा सल्ला, फिगारो तिकडे चांगल्या किमतीला विका, तिकडे तिला गिऱ्हाईक आहे, इकडे आणून तिचं मोल शून्य करू नका, आणि त्या पैशात साठच्या दशकातली हिलमन इम्प बघा. स्कॉटलंडमध्ये लिनवुडला बनायची, ८७५ सीसी ॲल्युमिनियमचं इंजिन मागे, यूकेतली म्हणजे उजव्या हाताचीच. आठ लाख सीआयएफ, म्हणजे भाडं-विम्यासकट किंमत, धरा, वापरलेल्या गाडीच्या दराने ड्युटी ११ लाख, त्यावर १८ टक्के आयजीएसटी ३ लाख ४२ हजार, म्हणजे साडेबावीसच्या आत-बाहेर. महाग आहेच, पण निदान आत येते. इंजिन तापण्याबद्दल तिची ख्याती चांगली नाही, तेव्हा एप्रिलमध्ये कात्रज चढवायच्या आधी रेडिएटरचं काम करून घ्या.

घेताना तिकडचं व्ही५सी, म्हणजे यूकेचं आरसी, नीट वाचा. त्यावर पहिल्या नोंदणीची तारीख असते, आणि गाडी बाहेरून यूकेत आलेली असेल तर यूकेतल्या पहिल्या नोंदणीची वेगळी. पन्नास वर्षं पहिल्या विक्रीनंतरच्या पहिल्या नोंदणीपासून मोजतात, तेव्हा १९७४ला बनून १९७८ला नोंदलेली गाडी थांबवली जाईल. काठावरची गाडी घेऊच नका. निघण्याआधी डीव्हीएलएला, म्हणजे तिकडच्या आरटीओला, कायमच्या निर्यातीचं कळवून त्यांचं सर्टिफिकेट घ्या. आणि बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे जहाजाच्या मालपावतीवर, पोर्ट कुठलं पडतंय ते छापायच्या आधी बघा, सेकंडहँड गाड्यांना मुंबईचं कस्टम्स पोर्ट ठरवून दिलंय, आणि कस्टम्सच्या लेखी मुंबई आणि न्हावाशेवा ही दोन वेगळी पोर्टं आहेत, कोडसुद्धा वेगळे. तिकडच्या एजंटला नकाशावर दोन्ही एकच दिसतात आणि कंटेनर स्वस्तात न्हावाशेव्याला पडतो म्हणून तो तेच टाकतो. नंतर ते बदलायला जे पत्रव्यवहार लागतात त्यात वाचलेल्या भाड्याच्या कितीतरी पट जातात.

राहिला तुमचा शिपिंग एजंट. तो खोटं बोलतोय असं म्हणणार नाही, त्याच्या दृष्टीने गाडी साउथॅम्प्टनला जहाजावर चढली की त्याचं काम संपलं, पुढची कस्टम्स त्याची नाहीच. त्याला ईमेलवर तीन गोष्टी विचारा: १९९१ची गाडी भारतीय आयात धोरणाच्या कुठल्या कलमाखाली येते, मुंबईत बिल ऑफ एंट्री कोण भरणार त्या ब्रोकरचं नाव आणि लायसन्स नंबर काय, आणि गाडी अडकली तर डिमरेज, म्हणजे गोदीचं भाडं, आणि परतीचं भाडं कोण देणार. ड्युटी भरली की झालं हे वाक्य फोनवर सगळे म्हणतात. लेखी आलं तर मलाही दाखवा.